दार धरायला मैत्रीण

लहान मुलांच्या वॉर्डात तिला सगळे 'सुई' म्हणत. अंगाने तशीच होती ती, काटकुळी आणि ताठ. शिवाय बाकीच्यांनी हात टेकलेल्या बाळाची शीर ती पहिल्या प्रयत्नात शोधायची. नावाचं आणखी एक कारण होतं, पण ते तिच्या तोंडावर कुणी सांगत नसे. नर्सेसना विचारलं, तर त्या हसून आपल्या जिभेला बोट लावून दाखवत.

बालरोगतज्ज्ञ होण्याच्या शिक्षणाचं तिचं दुसरं वर्ष चालू होतं. पुढे काय करायचं तेही ठरलेलं होतं. काचेच्या पेटीतली तळहाताएवढी बाळं, त्यांची यंत्रं, त्यांचे आकडे, यातच तिचा जीव रमायचा. असं सगळं मार्गी लागलेलं असताना एके दिवशी सूचना फलकावर तिचं नाव झळकलं. पुढचे दोन महिने वस्तीतल्या दवाखान्यात. विषय, समाजातलं बालआरोग्य आणि मुलांची बाजू मांडणं.

"मी कुणाचं काय घोडं मारलंय?" संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने पिशवी खुर्चीत आपटली.

आई मटार सोलत होती. "काय झालं आता?"

"वस्तीत पाठवतायत. मुलांची वजनं करा, भिंतीवर पोस्टर चिकटवा. इथे मी एवढ्याशा बाळाच्या घशात नळी घालायला शिकतेय आणि..."

"दोन महिने वेळेवर जेवशील," आई म्हणाली. "मला तर यात काही वाईट दिसत नाही."

बाबा कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. हाताला काम नसलं की घरातली धडधाकट वस्तू उघडून बसायचे. त्या दिवशी पंख्याची पाळी होती. "मुलांची बाजू मांडायची म्हणजे नेमकं काय करायचं?" त्यांनी ओठांत स्क्रू धरूनच विचारलं.

"ते त्यांनाही माहीत नसणार," सुई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

दवाखाना एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. एका बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या बाजूला शिंप्याचं. भिंत इतकी पातळ, की मुलाच्या छातीचे ठोके ऐकताना शिलाई मशीनची खडखडही कानावर यायची. तिथल्या प्रमुख डॉक्टरांना सगळे नुसतं 'मॅडम' म्हणत. पन्नाशी ओलांडलेल्या, पायात धावायचे बूट, आणि बोलण्याआधी समोरच्याला पुरतं न्याहाळायची सवय. आजारांची नावं त्या कधी विसरत नसत आणि माणसांची त्यांच्या कधी लक्षात राहत नसत. त्यामुळे समोर येईल त्याचं त्या आपल्या आपणच बारसं करून मोकळ्या होत.

सुईबरोबर तिचा एक सहाध्यायी आला होता. देवाने त्याला उंची देताना हात आखडता घेतला नव्हता. आत येताना तो चांगला वाकला, तरी चौकट त्याच्या कपाळाला लागलीच.

"लंबू," मॅडम म्हणाल्या. "आणि तू?"

"मला वॉर्डात सुई म्हणतात."

"बरं झालं, माझं काम वाचलं. आता दोघांनी गळ्यातले स्टेथोस्कोप काढा, पांढरे कोट काढा आणि बाहेर बाकावर जाऊन बसा."

"पेशंट बघायला?" सुईने विचारलं.

"पेशंटसारखं. हा आठवडाभर नुसतं बसायचं आणि ऐकायचं. तपासायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. कुणी विचारलंच तर सांगा, डॉक्टर आत आहेत."

लंबूला ते झकास जमलं. पहिल्याच दिवशी एक आजी त्याच्या मांडीवर नातू ठेवून "आलेच हं" म्हणून ज्या गेल्या, त्या बाजार करूनच परतल्या. सुईची मात्र घुसमट होत होती. शेजारची बाई दुसरीला खोकल्यावर भलतंच औषध सुचवत असताना गप्प बसायचं म्हणजे तिच्यासाठी शिक्षाच. पण तोंड बंद ठेवल्यावर कान आपोआप उघडले. कुठल्या गल्लीत नळाला पाणी येत नाही, कुणाची सासू बाळाला उन्हात नेऊ देत नाही, कुणाला कामावरून सुट्टी मिळत नाही म्हणून मूल ताप अंगावर काढतं, हे सगळं तिथे आपसूक कळत होतं. आणि एक तक्रार सारखी कानी पडत होती. मुलीचं पोट दुखतं. शाळेच्या दिवशी दुखतं, सुट्टीत दुखत नाही.

"नाटकं, दुसरं काय!" एक आई म्हणाली. "शाळा बुडवायची नाटकं."

सुईलाही ते पटलं होतं.

पुढच्या आठवड्यात कोट परत मिळाले आणि सुईच्या समोर शेजारच्या टेलरमास्तरांची मुलगी येऊन बसली. आठ वर्षांची, दोन बारीक वेण्या, पायात मोठ्या बहिणीच्या चपला. लघवीला जळजळ, अंगात कणकण, पोट फुगलेलं. असं तिला याआधीही झालं होतं. सुईने तपासणी केली, औषध लिहिलं आणि ठणकावून सांगितलं, "पाणी पीत नाहीस ना? उद्यापासून भरलेली बाटली शाळेत न्यायची आणि रिकामी घरी आणायची. काय?"

मुलीने मान डोलावली. औषधाने बरंही वाटलं. पण महिना संपायच्या आत मास्तर तिला घेऊन परत दारात.

"डॉक्टर, बाटली रोज रिकामी येते," मास्तर म्हणाले. त्यांच्या गळ्यात मापाची पट्टी तशीच लोंबत होती. "मी स्वतः उलटी करून बघतो."

"मग असं व्हायलाच नको."

"व्हायला नको, पण झालंय ना!"

पडद्यामागून मॅडम बाहेर आल्या. "मास्तर, माझ्या कोटाचं बटण तुटलंय, बघता जरा? लंबू, तूही चल." आणि जाता जाता त्यांनी पडदा ओढून घेतला.

सुई आणि ती मुलगी दोघीच उरल्या. सुईने आपली खुर्ची जरा पुढे ओढली. "खरं सांग. बाटलीतलं पाणी कुठे जातं?"

मुलीने बराच वेळ चपलेचा पट्टा न्याहाळला. "कुंडीत."

"कुठल्या कुंडीत?"

"वर्गाबाहेरच्या. ती झाडं खूप मोठी झालीयत."

सुईच्या ओठांवर रागाचं वाक्य आलं होतं, पण त्याआधी हसूच फुटलं. मुलीलाही जरा धीर आला.

"अगं, पण का?"

"पाणी प्यायलं की शू लागते."

"लागली की जायचं."

डॉक्टरांना एवढंही कळू नये, अशा नजरेने मुलीने तिच्याकडे पाहिलं. "दाराला कडी नाहीये. मुलं धक्का मारतात. म्हणून दार धरायला कुणीतरी लागतं. माझं दार माझी मैत्रीण धरायची, मी तिचं धरायचे. आता आमची कट्टी आहे."

"ती कशापायी?"

"ती म्हणाली, माझी वेणी उंदराच्या शेपटीसारखी आहे."

"असं म्हणाली? मग दुसरी कुणी धरत नाही?"

"दुसऱ्यांना दुसऱ्या मैत्रिणी आहेत. एक जण धरते, पण तिला खोडरबर द्यावं लागतं. माझी सगळी देऊन झाली." तिने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि आत पाणी नसतं. घाण असते. तासाला बाई सोडत नाहीत आणि मधल्या सुट्टीत मोठ्या मुली आधी जातात. मग मी पाणीच पीत नाही."

सुईने मूत्रमार्गाच्या आजारांवरचं प्रकरण पाठ केलं होतं. कारणांच्या लांबलचक यादीत मैत्रिणीची कट्टी कुठेच नव्हती. बाकावर ऐकलेल्या त्या सगळ्या पोटदुख्या तिला एकदम आठवल्या, आणि आपण त्या आईला मनातल्या मनात मान डोलावली होती, तेही आठवलं.

मास्तर मुलीला घेऊन गेल्यावर ती तरातरा मॅडमकडे गेली आणि तिने सगळं सांगितलं. "मी उद्याच शाळेत जाते!"

"जा. लंबूला ने."

"तुम्ही नाही येणार?"

"पहिलं भांडण ज्याचं त्याने करावं," मॅडम म्हणाल्या. बटण छान बसलं होतं, त्या तेच निरखत होत्या.

भांडण झालंच. शाळेच्या मुख्याध्यापिकांना मुलं आणि शिक्षक सगळेच 'मोठ्या बाई' म्हणत. कडक इस्त्रीची साडी, टेबलावर कागदांचे ढीग, समोर दोन पालक बसलेले. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप बघून तापलेली सुई थेट आत घुसली.

"वेळ घेतली होतीत का?" मोठ्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"मुलींची मूत्रपिंडं खराब व्हायची वेळ आलीय आणि तुम्ही वेळ कसली विचारताय? ती स्वच्छतागृहं आहेत की कोंडवाडा? वर कुलूप! तुम्हाला काही वाटत नाही?"

पालक एकमेकांकडे बघू लागले. मोठ्या बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग दगडासारखा. "शिपाईदादा," त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरांना फाटक दाखवा."

लंबूने जाता जाता "सॉरी हं" म्हटलं आणि गडबडीत तिथल्याही चौकटीवर कपाळ आपटलं.

दवाखान्यात मॅडमनी सगळी हकिकत ऐकून घेतली. "मग? बसली कडी?"

"नाही."

"तू खोटं काही बोलली नाहीस. पण ऐकवलंस कुणाला? जिला रोज ते दार बघावं लागतं, तिलाच. तेही चारचौघांत."

सुई म्हणाली, "आता काय करू?"

"उद्या जाऊन माफी माग. आणि एक प्रश्न विचार. ज्याचं उत्तर तुला माहीत नाही असा. तुझे आजचे सगळे प्रश्न उत्तरं ठरवून विचारलेले होते."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सुई एकटीच गेली. मोठ्या बाईंनी तिला बाहेर चांगलं ताटकळत ठेवलं. आत बोलावलं, पण बसायला सांगितलं नाही.

"काल मी तोंड सोडलं. लोकांसमोर बोलले. माझं चुकलं," सुई म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं.

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. आणि त्या समोरचे कागद चाळू लागल्या.

सुईला प्रश्न आठवला. रात्रभर तिने बरेच प्रश्न तयार केले होते, पण आता त्यातला एकही नीट वाटेना. समोर टेबलावर पाण्याचा ग्लास झाकण ठेवून काठोकाठ भरलेला होता. तिने विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः कुठे जाता?"

मोठ्या बाईंना हा प्रश्न कधी कुणी विचारला नसावा. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "जात नाही."

"म्हणजे?"

"सकाळी घरून जाऊन निघते, ते घरी परतल्यावरच. आम्ही सगळ्याच तशा. स्टाफरूममधलं पाणी बघा, सकाळी भरलेलं संध्याकाळी ओतून द्यावं लागतं. मागच्या वर्षी मला इन्फेक्शन झालं, सलाइन लावावी लागली." मग त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा. कुलूप हौस म्हणून लावत नाही मी. सफाईला एकच माणूस आहे, त्याच्या गळ्यात पाच शाळा. तो आठवड्यातून एकदा येतो. मधे सगळं तुंबलं की मुलं घसरून पडतात. कुलूप लावलं तरी वाईट, नाही लावलं तरी वाईट. वर कितीदा कळवलं, वरचे म्हणतात बघू."

"वरचे म्हणजे?"

"नगरपालिकेची शिक्षण समिती."

सुईमधली डॉक्टर जागी झाली. "त्या इन्फेक्शननंतर परत तपासणी केलीत का?"

"नाही केली. आता काय लहान मुलांच्या डॉक्टरकडे येऊ मी?"

"या की. फक्त आमच्याकडे आधी बाकावर बसावं लागतं."

मोठ्या बाई हसल्या. शिपाईदादांनी दारातून डोकावून पाहिलं. त्यांना वाटलं, कुणी दुसरंच हसतंय.

त्या रात्री जेवताना सुईने घरी सगळं सांगितलं. बाबांनी घास तसाच ठेवला. "कड्याच ना? त्यात काय! मी बसवतो."

आणि शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर खरंच मेळा भरला. बाबा हत्यारांची पेटी घेऊन आले. टेलरमास्तरांनी उरल्यासुरल्या जाड कापडाचे खिडक्यांना पडदे शिवून आणले होते. लंबूला शिडी लागत नव्हती, म्हणून उंचावरची सगळी कामं त्याच्याकडे. मोठ्या बाई स्वतः झाडू घेऊन उभ्या राहिल्या, मग बाकीच्या शिक्षिकाही लाजेकाजेस्तव आल्या. आसपासच्या घरांतून भरून आणलेलं पाणी बादल्या बादल्यांनी तिथे ओतलं गेलं. बाबा तर कित्येक महिन्यांनी खऱ्या अर्थाने बिघडलेली वस्तू दुरुस्त करत होते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

घरी न गेलेल्या मुली रांग लावून उभ्या होत्या, नुसत्या कडी लावून बघायला. एक जण आत गेली ती बाहेरच येईना.

"अगं, झालं का?" बाहेरून आरडाओरडा.

"काही करत नाहीये," आतून आवाज आला. "नुसती बसलेय. किती शांत आहे इथे!"

सोमवारी सुई मॅडमसमोर ऐटीत उभी राहिली. "झालं काम."

"फार छान झालं," मॅडम म्हणाल्या. "एका शाळेच्या कड्या झाल्या. पाणी? सफाई? आणि पलीकडच्या शाळा? सगळीकडे बाबांना पाठवणार आहेस?"

"ते आनंदाने जातील."

"जातील गं. पण ज्यांचं ते काम आहे त्यांनी ते करायला नको? पुढच्या आठवड्यात शिक्षण समितीची बैठक आहे. तिथे नागरिकांना बोलायला वेळ देतात. तिथे बोलायचं. तू."

सुईने लंबूकडे पाहिलं. केसाएवढ्या शिरेत सुई घालताना तिचा हात कापत नसे, पण चार माणसांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की तिला शब्दच सुचत नसत. एकेकट्या माणसाला फैलावर घेणं वेगळं आणि सभेत बोलणं वेगळं. शाळेत असताना एका स्पर्धेत ती 'आदरणीय' एवढंच म्हणून व्यासपीठावरून उतरली होती.

"मी बोलतो ना," लंबू म्हणाला. "मला काही वाटत नाही."

"तुला काही वाटत नाही, म्हणून तू नाही," मॅडम म्हणाल्या. "तू शाळांमधून फिरून माहिती आण. या वेळी सगळीकडे आधी वेळ घेऊन जा. आणि चौकटी बघून."

सुईने जोरदार तयारी केली. घरी आईबाबांना समोर बसवून तिने सुरुवात केली, "मूत्रमार्गाचा वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि त्याचे दूरगामी परिणाम..." थोड्या वेळाने बाबांची मान छातीवर टेकली.

"हे तू आम्हाला सांगतेयस की परीक्षकांना?" आईने विचारलं.

"समितीला."

"समितीत माणसंच असतात ना?"

सुईने चिडून कागद मिटला आणि खोलीत जाऊन परत पाठ केला.

बैठकीचं सभागृह मोठं होतं आणि खुर्च्या गुबगुबीत. मॅडम, लंबू, मोठ्या बाई आणि टेलरमास्तर तिच्यासोबत मागच्या रांगेत बसले होते. त्यांच्या आधीचा विषय होता शाळांच्या अंगणातल्या बाकांचा रंग. हिरवा की तपकिरी? एका सदस्याने हिरव्याची महती सांगितली, दुसऱ्याने तपकिरी रंगावर धूळ दिसत नाही हे पटवून दिलं, तिसऱ्याने दोन्ही रंग आलटून पालटून द्यावेत असं सुचवलं, आणि चर्चा परत पहिल्यापासून सुरू झाली. चहा आला. परत चहा आला. सुई कागद घट्ट धरून बसली होती. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून ती सदस्यांना न्याहाळत राहिली. एक जण हळूच उठायचा, बाजूच्या दाराने बाहेर जायचा, थोड्या वेळाने रुमालाला हात पुसत परत यायचा. मग दुसरा. मग तिसऱ्या बाई. कुणी कुणाकडे बघतही नव्हतं.

शेवटी तिचं नाव पुकारलं गेलं. "थोडक्यात आटपा," अध्यक्ष म्हणाले. गुटगुटीत, हसऱ्या चेहऱ्याचे गृहस्थ, पण आता कंटाळलेले.

सुई उठली. तिने कागद उघडला. "आदरणीय..." एवढं म्हणून ती थांबली. पुढचा शब्द येईना. मागे लंबू खाकरला. तिने वर पाहिलं, तर अध्यक्षच खुर्चीतून अर्धवट उठले होते आणि बाजूच्या दाराकडे आशेने बघत होते. सुई बोलायला लागली म्हणून ते बिचारे परत बसले.

"साहेब," सुईच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही जाऊन या. मी थांबते."

सगळ्या माना अध्यक्षांकडे वळल्या.

"नाही, नाही, बोला तुम्ही," अध्यक्ष लाजून म्हणाले.

"खरंच जाऊन या. धरून ठेवलं की त्रास होतो. डॉक्टर म्हणून सांगतेय."

पहिल्यांदा त्या तपकिरी रंगवाल्या सदस्याला हसू आलं, मग सगळ्यांनाच. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं, कपाळ पुसलं आणि सरळ उठून बाहेर गेले. ते परत येईपर्यंत सुईने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली होती. काय बोलायचं ते आता तिला कळलं होतं.

"साहेब, तुम्ही आत्ता गेलात तेव्हा कुणाची परवानगी काढावी लागली नाही. कुणी म्हणालं नाही, की बाकांचा रंग ठरेपर्यंत थांबा. आत दिवा होता, दाराला कडी होती, नळाला पाणी होतं. तुमचे हात अजून ओले आहेत. आणि दार धरायला तुम्हाला कुणा मैत्रिणीला न्यावं लागलं नाही."

परत हशा पिकला, पण या वेळी तो लवकर थांबला.

"आपल्या शाळांतल्या मुलींना यातलं काहीच मिळत नाही. म्हणून त्या पाणी पीत नाहीत. मी एका मुलीला औषध दिलं, परत दिलं. तिला खरं म्हणजे औषध नको होतं, कडी हवी होती. आम्ही दवाखान्यात आयुष्यभर औषधं देत राहू, ते आमचं कामच आहे. पण शाळेत पाणी, कडी आणि रोजची सफाई दिलीत, तर यातल्या कित्येक जणी आमच्याकडे येणारच नाहीत. आम्हाला तेच हवंय."

एका कोपऱ्यातल्या वयस्क सदस्यबाई पुढे झुकल्या. "आमच्या वेळी कुठे होते हे लाड? आम्हीही धरूनच बसायचो."

सुई उत्तर शोधत होती, तोवर मोठ्या बाई उभ्या राहिल्या. "मीही धरूनच बसायचे, बाई. अजूनही बसते. म्हणून मागच्या वर्षी सलाइन लावून पडले होते."

त्या सदस्यबाई जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला तर दोनदा लावली होती." आणि त्या परत खुर्चीत मागे टेकल्या.

"विषय महत्त्वाचा आहे," अध्यक्ष म्हणाले. "आपण एक अभ्यासगट नेमू."

लोक टाळ्या वाजवणार, तेवढ्यात सुई म्हणाली, "जरूर नेमा. पण अभ्यास कधी संपणार ते आजच ठरवा. आणि तोवर मुलांना तासाला अडवू नये, एवढा आदेश तरी आज काढा. त्याला अभ्यास कशाला लागतो?"

अध्यक्षांनी त्या सदस्यबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. आदेश निघाला.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर सुई खालीच बसली. "माझे पाय गेले," ती म्हणाली. लंबू हसत सुटला, मास्तरांनी तिच्यासाठी पाणी आणलं, आणि तिने ते घटाघटा पिऊन टाकलं. मॅडम तिच्या शेजारी पायरीवर टेकल्या.

"मी अध्यक्षांना बाहेर पाठवलं," सुई अजून थक्कच होती.

"पाठवलंस. मी इतकी वर्षं इथे बोलतेय, माझ्या डोक्यात कधी आलं नाही," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या बैठकीला मास्तरांनी गल्लीतले निम्मे आईबाप गोळा करून आणले. सभागृहात खुर्च्या पुरेनात. त्या वयस्क सदस्यबाईंनीच विषय लावून धरला, आणि प्रत्येक शाळेला रोजच्या सफाईसाठी स्वतंत्र माणूस मंजूर झाला. नळ आणि कड्यांचं कामही निघालं. टेकडीवरच्या दोन शाळांचं मात्र घोडं अडलं. तिथे मुळात पाण्याची वाहिनीच पोहोचली नव्हती. सुई त्यावरून दिवसभर फुरंगटून बसली.

"ते पुढच्या तुकडीला ठेव," मॅडम म्हणाल्या. "सगळं तूच संपवलंस तर त्या पोरांना मी काय शिकवू?"

"पण मी यायचं ना? बोलायला नाही. नुसतं मदतीला."

"येशीलच. तुला कोण अडवणार आहे?"

दोन महिने संपले. सुई आपल्या वॉर्डात, आपल्या काचेच्या पेट्यांमध्ये परतली. ते काम तिला अजूनही तितकंच आवडायचं, त्यात काही फरक पडला नव्हता. फक्त आता बाळ बरं होऊन घरी निघालं, की ती आईला जवळ बसवून घराची चौकशी करायची आणि त्या गप्पा इतक्या लांबायच्या, की नर्सेस घड्याळाकडे बघत खाकरायच्या.

अशाच एका दुपारी तिचा फोन वाजला. पलीकडे मोठ्या बाई होत्या.

"डॉक्टर, तुमच्यामुळे एक नवीनच भानगड होऊन बसलीय."

सुई खुर्चीतून उठलीच. "काय झालं? पाणी बंद झालं का?"

"पाणी आहे, सफाई आहे, सगळं आहे. पण आता मुलांना अडवायचं नाही ना! गणिताचा तास सुरू झाला की अर्धा वर्ग हात वर करतो. गोष्टीच्या तासाला कुणाला लागत नाही, खेळाच्या तासाला लागत नाही, गणितालाच बरोबर लागते. गणिताच्या बाई रडकुंडीला आल्यात."

सुईने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते फोनमधून पलीकडे पोहोचलंच.

"हसू नका. उपाय सांगा," मोठ्या बाई म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

"मी येऊन बोलू का गणिताच्या बाईंशी?"

"नको नको! तुम्ही मॅडमना पाठवा," मोठ्या बाई घाईघाईने म्हणाल्या, आणि मग जरा विचार करून, "किंवा असं करा, तुम्हीच या. पण बेरजा शिकवायला. बघू तुमच्या तासाला किती जण बसतात ते."

"येते," सुई म्हणाली. "शनिवारी चालेल?"